खुरपं गेलं, पंप आला

टेंभी नाक्यावर चहाला थांबलो होतो. लातूरकडच्या मावशींनी विचारलं, "पोरांनो, तिकडं पाऊस पडला का?" त्या इथे चार घरची धुणीभांडी करतात. गावी सोयाबीन खुरपायच्या.

'मजूर मिळत नाहीत, म्हणून तणनाशक' हे आम्ही एमएच्या वर्गातही ऐकलं. ते अगदीच खोटं नाही. पेरणीनंतरचे ३०-४५ दिवस तण राहिलं तर उतारा घटतो. नेमका तेव्हाच पाऊस लागून राहतो, वाफसा येत नाही, केना माजतो. मग शेतकरी इमॅझेथापायर फवारतो. त्याला आम्ही दोष देत नाही. पण खुरपणाऱ्या कितीतरी बाया आपल्या वस्तीतल्या, भूमिहीन. त्यांचा बुडालेला रोज कुणाच्या हिशेबात आहे? पंप पाठीवर घेणाराही बहुतेकदा आपलाच. २०१७ साली यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले. ती कपाशीवरची कीटकनाशकं होती, हे खरं. पण तणनाशक मारणाऱ्याच्या तोंडालाही रुमालच असतो.

"खुरपणी बरी होती का, मावशी?"

"बरी कसली? कंबर मोडायची. पण रोज माझ्या हातात यायचा. फवारणीचा ह्यांना मिळाला, तोबी चार दिवस. मग आलो इकडं."