पासवर्ड देण्यापूर्वी



पालकसभेत हल्ली एक प्रश्न हमखास येतो : "सर, मुलगा खेळासाठी संगणकाचा पासवर्ड मागतो. द्यावा का?" खेळात नवे विमान, नवा नकाशा घालणारी जोडफाइल त्याने उतरवलेली असते आणि विंडोज ती बसवू देत नाही. मग मित्र सांगतो, "सिक्युरिटी बंद कर, अँटीव्हायरस काढून टाक."

विंडोज एक्सपीच्या काळात घरोघरी बहुतेक जण ॲडमिनिस्ट्रेटर म्हणूनच संगणक वापरत. त्यामुळे जे उतरवाल ते मुकाट्याने बसे. 2007 मध्ये व्हिस्टा आली आणि संगणक आधी परवानगी विचारू लागला. 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये साध्या खात्यातून फाइल टाकता येईना. मुलांना ही अडवणूक वाटते. पण त्याच संगणकावर वडिलांचे बँकेचे व्यवहार आणि ताईचा प्रोजेक्ट असतो, हे विसरू नये.

पहारेकऱ्याला घरी पाठवण्याची गरज नसते. पुष्कळ खेळ वेगळ्या फोल्डरमध्ये बसवता येतात. मग जोडफाइल घालायला दर वेळी ॲडमिनिस्ट्रेटर लागत नाही. तरीही परवानगी लागलीच, तर पालकांनी शेजारी बसून त्या एका फाइलपुरती द्यावी.

मात्र पहारेकरी प्रत्येक वेळी विचारेलच असे नाही. जून 2023 मध्ये माइनक्राफ्टच्या जोडफाइली मिळणाऱ्या कर्सफोर्ज या नावाजलेल्या ठिकाणीच काही फाइलींत घातक प्रोग्राम सापडला. तो ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड चोरत असे आणि संगणकावरच्या इतर जोडफाइलींतही शिरत असे. म्हणून मुलांचे खाते वेगळे ठेवावे, त्यात घरच्यांचे पासवर्ड साठवू नयेत आणि नवी फाइल आली की लगेच न बसवता चार दिवस थांबावे.

लाइन बाजारातून पेढा घेताना आपण डब्यावरचे नाव वाचतो. संगणकही 'प्रकाशक अज्ञात' असे दाखवतो, तेव्हा तो डब्यावर नाव नसल्याचेच सांगत असतो. नाव नाही म्हणजे माल वाईटच असे नव्हे, पण चौकशी केल्यावाचून तो घरात घेऊ नये.

मुलांनो, पासवर्ड जरूर मागा. मात्र फाइल कोणी बनवली, कुठून आणली आणि ती काय करते, या तीन प्रश्नांची उत्तरे तयार ठेवून मागा. पालकहो, उत्तरे समाधानकारक असतील तर नाही म्हणू नका. नाही तर मूल विचारायचेच थांबेल, आणि तो धोका मोठा आहे.

— मुख्याध्यापक