तिरुवैयारु: स्वतः बांधलेल्या मंदिरात गाता यावं म्हणून लढलेली गायिका

तंजावरला गेलेली आपली मराठी मंडळी बृहदीश्वराचं मंदिर पाहतात, भिंतीवर कोरलेला मराठी शिलालेख शोधतात, सरस्वती महाल ग्रंथालयात डोकावतात आणि परत फिरतात. तुमचाही असाच बेत असेल, तर अजून अर्धा दिवस हाताशी ठेवा. तंजावरहून जेमतेम १३ किलोमीटरवर तिरुवैयारु आहे. बसने सहज जाता येतं. वाटेत भातशेती दिसते आणि एकामागून एक पूल लागतात. कावेरी आणि तिच्या फाट्यांमुळे या गावाला ‘पाच पवित्र नद्यांचं गाव’ असं नाव पडलं.

गावात पंचनदीश्वराचं मोठं शिवमंदिर आहे. पण आज आपण कावेरीच्या काठावरच्या एका लहानशा मंदिरात जाणार आहोत. ही संत त्यागराजांची समाधी.

राजाला नाही म्हणणारा संगीतकार

त्यागराजांचा जन्म १७६७ सालचा. त्यांचं बहुतेक आयुष्य याच गावात गेलं. तेव्हा तंजावरच्या गादीवर आपले भोसले होते. सरफोजीराजांनी त्यांना दरबारात बोलावलं, पण रामाची भक्ती सोडून राजाची स्तुती गाणार नाही, असं म्हणून त्यांनी नकार दिला, अशी आठवण इथे आजही सांगतात. ६ जानेवारी १८४७ रोजी त्यांनी देह ठेवला. शेवटी त्यांनी संन्यास घेतला होता, म्हणून नदीकाठी त्यांची समाधी झाली.

पुढे अनेक वर्षं ती दुर्लक्षितच राहिली. १९०३ मध्ये शिष्यपरंपरेतल्या काही जणांनी तिची डागडुजी केली आणि काही वर्षांत आराधना उत्सवही सुरू झाला. पण लवकरच गायकांमध्ये दोन गट पडले. दोघांचं एका गोष्टीवर मात्र एकमत होतं. बायकांनी इथे गायचं नाही!

बंगळूर नागरत्नम्मांची कारकीर्द

खेळाडूची कारकीर्द आपण सामने, गोल आणि पदकांवरून मोजतो. गायिकेची कशावरून मोजायची? मैफलींवरून? तसं केलं तर नागरत्नम्मांची निम्मीच गोष्ट कळेल.

त्यांचा जन्म १८७८ मध्ये म्हैसूरजवळच्या नंजनगूडचा. आई पुट्टलक्ष्मी देवदासी होती. नागरत्नम्मा लहानपणापासून संस्कृत आणि संगीत शिकल्या. बंगळुरात गुरूंकडून त्यागराजांच्या रचना त्यांच्या गळ्यात उतरल्या. पुढे त्या मद्रासला आल्या आणि तिथल्या आघाडीच्या गायिका झाल्या. नाव झालं, पैसा आला.

१९१० मध्ये त्यांनी एक धाडस केलं. ‘राधिका सांत्वनमु’ हे तेलुगू काव्य त्यांनी पूर्ण स्वरूपात छापून आणलं. कवयित्री होती मुद्दुपळनी, अठराव्या शतकात तंजावरच्या प्रतापसिंह भोसल्यांच्या दरबारातली. एका स्त्रीने इतकं मोकळेपणाने शृंगारावर लिहावं, हे अनेकांना सोसलं नाही. पुस्तकावर टीका झाली आणि पुढे इंग्रज सरकारने बंदीही घातली. ती उठायला १९४७ साल उजाडलं.

दुसरी इनिंग

चाळिशी ओलांडल्यावर बरेच कलाकार मिळवलेलं सांभाळतात. नागरत्नम्मांनी ते खर्च करायला घेतलं. समाधीची दुरवस्था कानावर आल्यावर त्यांनी तिथे मंदिर बांधायचं ठरवलं. १९२१ मध्ये पायाभरणी झाली आणि जानेवारी १९२६ मध्ये कुंभाभिषेक.

आता विचार करा. आयुष्यभराची कमाई घालून तुम्ही एक वास्तू उभी केलीत. उत्सवाचा दिवस आला. समोर पुरुष गातायत आणि तुम्ही फक्त ऐकायचं. कारण तुम्ही बाई आहात, त्यातही देवदासी.

नागरत्नम्मा रडत बसल्या नाहीत. १९२७ मध्ये त्यांनी इतर देवदासी गायिकांना गोळा केलं आणि समाधीच्या मागच्या बाजूला बायकांची वेगळी आराधना सुरू केली. उत्सवाचे दोन गट होतेच, आता तिसरा झाला. बायकांचा! हे एकदा करून थांबायचं नव्हतं. वर्षामागून वर्षं त्या गात राहिल्या. अखेर १९४० मध्ये सगळे गट एकत्र आले आणि १९४१ पासून बायकांनाही आराधनेत गाण्याची मुभा मिळाली. तेव्हा नागरत्नम्मा साठी पार केलेल्या होत्या.

उतारवयात त्या तिरुवैयारुलाच येऊन राहिल्या आणि आपली मालमत्ता समाधीच्या कामासाठी ठेवली. १९ मे १९५२ रोजी त्या गेल्या.

तुम्ही जाल तेव्हा

शक्य असेल तर पौष वद्य पंचमीला जा. ती बहुतेक जानेवारीत येते. त्या दिवशी सकाळी शेकडो गायक-वादक जमिनीवर बसून त्यागराजांच्या पाच पंचरत्न कृती एकत्र म्हणतात. नाट, गौळ, आरभी, वराळी आणि श्री असे ते पाच राग. तेलुगू समजत नसलं तरी बिघडत नाही. आपल्या भजनात नवखा माणूसही जसा टाळी धरतो, तसंच इथेही होतं. आणि हो, मांडवात नीट पाहा. गाणाऱ्यांत केवढ्या तरी बायका दिसतील.

इतर दिवशी गेलात तर शांतता मिळेल. समाधीसमोर हात जोडून बसलेल्या एका बाईंचा पुतळा दिसेल. घाईत लोक त्याच्याजवळून निघून जातात. तुम्ही मात्र दोन मिनिटं थांबा आणि सोबत मुलं असतील तर त्यांना सांगा, याच त्या नागरत्नम्मा.

निघताना गावातला अशोका हलवा घ्यायला विसरू नका. मुगाची डाळ, साखर आणि भरपूर तूप! आपल्या मुगाच्या शिऱ्याचा हा केशरी भाऊच. गरम असतानाच खा, आणि थोडा घरच्यांसाठी बांधून घ्या. हलव्याबरोबर नागरत्नम्मांची गोष्टही घरी जाऊ द्या.