तुर्फानच्या भिंती

उरुमचीहून आम्ही नऊ जण छोट्या बसने तुर्फानला उतरलो. चीनच्या वायव्येचे हे वाळवंट. पण गावात शिरताच द्राक्षांचे मांडव! पाणी तिएनशानच्या बर्फाचे. उन्हात आटू नये म्हणून ते भुयारी पाटांतून उताराने आणलेले. त्यांना तिथे 'कारेझ' म्हणतात. ना मोट, ना पंप!

दुसऱ्या दिवशी मुर्तुकच्या घळीतील बेझेक्लिक लेणी पाहिली. अजिंठ्यासारखी चित्रे दिसतील म्हणून उत्सुक होतो. आत गेलो आणि गप्पच झालो. भिंतींवर कापल्याच्या खुणा. १९०५च्या सुमारास जर्मन मोहिमेचे ल कॉक यांनी चित्रे कापून बर्लिनला नेली. त्यांतील बरीच मोठी चित्रे दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बफेकीत नष्ट झाली. उरलेल्या कित्येक बुद्धमुखांचे डोळे खरवडलेले. ती वाचवण्यासाठीच नेली, असे काही पंडित म्हणतात. वाचकहो, त्या भिंतींपुढे उभे राहून आम्हांला ते पटले नाही.

सायंकाळी गाओचांगची मातीची पडकी नगरी पाहिली. सातव्या शतकात भारताकडे निघालेल्या ह्युएनत्संगाला इथल्या राजाने अडवून धरले. भिक्खूने अन्न सोडले, तेव्हा राजा नमला. महिनाभर धम्म सांगून तो निघाला आणि पुढे आपल्या महाराष्ट्रातही येऊन गेला. त्या पडक्या भिंतीपाशी आमच्यातल्या आजींनी त्रिसरण सुरू केले. आम्ही मागून म्हणू लागलो.