मैत्रिणींची यात्रा

वाङ्मय शिकविणाऱ्या माणसाला कालांतरानें एक वाईट खोड जडते. हंसूं येण्यापूर्वीं तो हंसण्याचें कारण शोधूं लागतो. ‘बुक क्लब : द नेक्स्ट चॅप्टर’ हा २०२३ सालचा अमेरिकन चित्रपट परवा घरीं आईबरोबर पाहिला, तेव्हां ही खोड मला चांगलीच नडली. आईला इंग्रजी बेताचेंच समजतें. तरी पहिल्या अर्ध्या तासांत ती तीन-चार वेळां खुदकन हंसली, आणि मी मात्र कथानकांतील योगायोग मोजीत बसलों होतों.

योगायोग पुष्कळ आहेत, हें नाकबूल करण्यांत अर्थ नाहीं. एकत्र पुस्तकें वाचून त्यांवर गप्पा मारणाऱ्या चार जुन्या मैत्रिणी. त्यांतील एक उतारवयांत प्रथमच लग्न ठरविते, आणि महासाथीच्या काळांत घरांत कोंडून पडलेल्या या चौघी तें निमित्त साधून इटलीला निघतात. रोमच्या स्टेशनवर त्या भामट्यांना हमाल समजून आपल्या बॅगा खुशाल त्यांच्या स्वाधीन करतात. व्हेनिसमध्यें एकीला तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक भेटतो. (आमच्या व्यवसायाला पडद्यावर इतका मान क्वचितच मिळतो!) टस्कनींत तर चक्क कोठडीची हवा खावी लागते, आणि रोममध्यें भेटलेलाच पोलीस अधिकारी तेथेंही हजर! बिल होल्डरमन यानेंच दिग्दर्शित केलेल्या २०१८ च्या पहिल्या चित्रपटाला कथेचा थोडा तरी कणा होता; येथें पटकथा प्रवासी कंपनीच्या माहितीपत्रकाप्रमाणें एका रम्य स्थळावरून दुसऱ्यावर उड्या मारते.

पण त्या चौघी एकत्र बसून बोलूं लागल्या कीं हे आक्षेप आपोआप गळून पडतात. जेन फोंडाचा जन्म १९३७ चा, डायान कीटन आणि कँडिस बर्गन १९४६ च्या, मेरी स्टीनबर्गन १९५३ ची. म्हणजे सर्वांत धाकटीनेंही सत्तरी गाठलेली. या वयाच्या स्त्रीला आमच्या नाटक-कादंबऱ्यांनीं बहुधा दोनच कामें दिलीं : जपमाळ ओढणें किंवा सुनेला छळणें. येथें त्या एकमेकींच्या खोड्या काढतात, रुसतात, आणि रुसवा निघण्याच्या आंतच दुसरी खोडी काढतात. बर्गन हिनें रंगविलेली निवृत्त न्यायाधीश तर विनोदही निकालपत्र वाचल्यासारखा करते. चेहऱ्यावरची रेषा हलत नाहीं. कीटनची तऱ्हा अगदीं उलट. वाक्य अर्ध्यावर सोडायचें आणि उरलेलें हातवाऱ्यांनीं पुरें करायचें! ती ऑक्टोबर २०२५ मध्यें निवर्तली. तें मनांत असल्यामुळें तिच्या गोंधळलेल्या हंसण्याकडे मला नुसतें गंमत म्हणून पाहतां येईना.

तिची डायान आपल्या दिवंगत पतीची रक्षा प्रवासांत बरोबर घेऊन निघालेली असते. हें आईच्या ध्यानांत आलें तेव्हां ती हंसावयाची थांबली. थोड्या वेळानें, पडद्यावरची नजर न काढतां, ती म्हणाली, “आमच्यांतल्या एकीची रक्षाच तेवढी काशीला गेली.”

तिचा रोख मला समजला. २०१४ च्या हिवाळ्यांत आई आणि शाळेपासूनच्या तिच्या तीन मैत्रिणी काशीला निघाल्या होत्या. बरोबर कोणी पुरुष माणूस नको, असें चौघींनीं एकमतानें ठरविलें होतें. मोडता घातला तो मीं. डिसेंबरांतली तेथली थंडी, धुक्यामुळें तासन्‌तास खोळंबणाऱ्या गाड्या, कोणाचे गुडघे, कोणाचा मधुमेह. माझे मुद्दे बिनतोड होते. मुद्दे मांडण्याचाच तर मला पगार मिळतो! उन्हाळ्याच्या सुटींत मी स्वतः चौघींना घेऊन जाईन, असें वचनही मीं दिलें. सुटी आली आणि उत्तरपत्रिकांचे गठ्ठेही आले. पुढच्या पावसाळ्यांत त्यांतली एक गेली. तिच्या मुलानें रक्षा विमानानें नेली, दोन दिवसांत परतलाही. आईनें काशीचा विषय पुन्हां काढला नाहीं, आणि तो तिच्या मनांतून गेला असें मीं सोयिस्करपणें धरून चाललों.

गंमत अशी कीं, पहिल्या चित्रपटांत डायानच्या दोन मुली ‘तूं एकटी राहूं नकोस, आमच्याकडे ॲरिझोनाला ये’ असा तिच्यामागें लकडा लावतात, तेव्हां मला त्या मुलींचा मनस्वी राग आला होता. वर्गांत त्यांचें उदाहरणही मीं दिलें होतें.

चित्रपट संपल्यावर आईनें चष्मा पुसला. “अरे, यांच्यांत कोणाला मुलगा नव्हता वाटतें?”

“डायानला दोन मुली आहेत,” मी म्हणालों.

“हं,” म्हणून ती झोपावयास गेली.

दुसऱ्या दिवशीं दुपारीं ती बाहेरच्या खोलींत टेलिफोनवर बोलत होती. ऐकूं कमी येत असल्यामुळें तिचा आवाज हल्लीं चढाच असतो. “नाहीं गं, त्याला कशाला विचारायचें? आपण तिघीच. आतां थंडी काय आणि ऊन काय!” मी आंत उत्तरपत्रिका तपाशीत होतों. उठलों आणि आवाज न करतां मधलें दार लोटून घेतलें.