सूर्यास्तापूर्वीचे ताट

भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचा कारखाना आणि पश्चिमेला घर, अशा दोन टोकांमध्ये ज्यांचे आयुष्य गेले, त्या गृहस्थांनी नोव्हेंबरात साठी ओलांडली. कारखान्यात आता मुलगाही बसू लागला होता. वडिलांची साठी परदेशी, एखाद्या नामवंत शेफच्या हातचे जेवून साजरी करावी, असे त्याच्या मनात होते. बँकॉकला यंत्रसामग्री पाहायला जायचे होतेच. त्याच प्रवासात त्याने तेथील एका प्रसिद्ध भोजनगृहात दोन महिने आधी चार जागा राखून ठेवल्या.

अशा भोजनगृहांचे आकर्षण आता व्यापारी घरांतही रुजले आहे. मिशेलिन ही मूळची फ्रान्समधील टायर बनवणारी कंपनी. मोटारीने फिरणाऱ्यांसाठी तिने १९०० साली एक मार्गदर्शिका काढली आणि १९२६ पासून उत्तम भोजनगृहांना तारा देण्यास आरंभ केला. बँकॉकमध्ये गरिमा अरोरा यांच्या ‘गा’ला २०१८ साली हा तारा मिळाला, हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. दुबईतील ‘अवतारा’ या पूर्ण शाकाहारी भारतीय भोजनगृहाला तो २०२३ साली मिळाला. तेव्हाचे तेथील शेफ राहुल राणा कांदा, लसूण आणि पनीरही वापरत नसत. ही वार्ता वाचूनच मुलाचा धीर वाढला होता.

बँकॉकच्या भोजनगृहाला त्याने सविस्तर पत्र लिहिले. मांस, मासे, अंडी नकोत, कांदा, लसूण, बटाटा, गाजर, कोणतेही कंदमूळ नको, मधही नको. सारे मान्य असल्याचे उत्तर आले. वेळ ठरली संध्याकाळी साडेसातची.

वडिलांचा चौविहार तीस वर्षांचा. नोव्हेंबरात बँकॉकला सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो. ही गोष्ट उघड झाली ती त्या दिवशी दुपारी. आगाऊ भरलेली रक्कम परत मिळणार नव्हती. मुलगा गोरामोरा झाला. वडील मात्र शांतपणे म्हणाले, “तुम्ही जेवा. मी सोबत बसेन.” पाच वाजता त्यांनी खोलीतच खाखरा, मेथीचे ठेपले आणि घरून नेलेली कोरडी चटणी खाल्ली, पाणी प्यायले, हात जोडून पच्चक्खाण घेतले.

पुढे तीन तास ते त्या देखण्या मेजाशी पाण्याचा घोटही न घेता बसले. एकामागून एक ताटल्या येत होत्या. वडील भांड्यांचे व्यापारी. त्यांची नजर आधी ताटलीच्या काठावर, मग आतील पदार्थावर. एका ताटलीत मधोमध खोलगट जागा होती आणि ती रिकामी होती. ते हळूच पत्नीला म्हणाले, “इथे काहीतरी ठेवलेले असते. आपल्यासाठी ते फक्त काढून टाकले आहे.” बहुतेक पदार्थ तसेच होते. एक मात्र निराळा होता. कच्चे केळे, हिंग, सुंठ आणि कैरी. पहिला घास घेताच आईचा चेहरा उजळला. बटाट्याच्या जागी केळे, कांदा-लसणाच्या जागी हिंग, आल्याच्या जागी सुंठ, ही तर तिच्या स्वयंपाकघरातली रोजची जुळणी! तो पदार्थ काही वगळून उरलेला नव्हता. तो मुळापासून तसाच योजलेला होता.

अखेरीस शेफ स्वतः मेजापाशी आले. न उष्टावलेले एक आसन पाहून त्यांनी विचारले, “काही आवडले नाही का?” मुलाने अडखळत कारण सांगितले. शेफ क्षणभर थांबून म्हणाले, “आधी कळवले असते, तर तुम्हाला दुपारी बोलावले असते. दुपारीही आम्ही वाढतो.”

परतताना गाडीत कोणी बोलत नव्हते. अखेर मुलानेच कबूल केले की चौविहाराची गोष्ट तो विसरला नव्हता. कंदमुळांची यादी लिहिताना त्याला काही वाटले नाही. पण ‘सूर्यास्तानंतर जेवत नाही’ हे वाक्य त्याने लिहून खोडले होते. परके लोक मागासलेले समजतील, असे त्याला वाटले होते.

वडिलांनी रागावून काही म्हटले नाही. “बेटा, पत्र्याची जाडी सौद्याआधी बोलतो ना आपण? माल उतरल्यावर बोललो तर ती तक्रार होते. आधी बोललेली अट समोरच्याला काम देते. त्या केळ्याच्या पदार्थासारखे.”

व्रत पाळणाऱ्याला उपाशी राहण्याचे दुःख क्वचितच होते. त्या रात्री वडिलांनाही ते नव्हते. बोचले ते इतकेच, की घरचा नियम घरच्याच माणसाने लपवण्याजोगा मानला.

डिसेंबरात आईच्या वाढदिवसासाठी मुलाने मुंबईतील एका भोजनगृहाला पत्र लिहिले. मुंबईत त्या दिवसांत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. कंदमुळांची यादी या वेळी दुसऱ्या परिच्छेदात गेली. पहिल्या ओळीत लिहिले होते: ‘आम्ही सूर्यास्तापूर्वी जेवतो, कृपया दुपारची वेळ द्यावी.’

त्या दुपारी चारही ताटे एकाच वेळी वाढली गेली.