दोन कांबळे, एक रविवार

पावसानं बाहेर पडू दिलं नाही, म्हणून घरीच दोन सिनेमे पाहून काढले. दुपारी जब्बार पटेलांचा ‘सामना’. निळू फुले बोलायला लागले की आई मेथी निवडायची थांबते. लागूंचा मास्तर दारूत बुडालेला, पण मारुती कांबळेचा विषय काही सोडत नाही.

रात्री चैतन्य ताम्हाणेचा ‘कोर्ट’, २०१४चा. इथंही कांबळेच, हा नारायण, लोकशाहीर. मला काही हा निव्वळ योगायोग वाटेना. “नुसत्या तारखाच पडतायत!” म्हणत बाबा झोपायला गेले. अहो बाबा, तेच तर दाखवायचंय! मला लक्षात राहिली ती सरकारी वकीलबाई. कोर्टात एकसुरात कलमं वाचते, लोकलमध्ये साडीच्या गप्पा मारते, पोराला घेऊन घरी येते नि स्वयंपाकाला लागते. गीतांजली कुलकर्णीनं हे इतकं सहज केलंय, की तिचा राग धरताच येत नाही. धरायला हवा खरं तर.

शेवटी सहलीला गेलेले न्यायाधीश बाकावर डुलकी काढतात. पोरं ओरडून उठवतात, तर एकाला थप्पड! मी एकटीच हसले, मग हसू आवरलं. मेथी तशीच पडली होती.