वजनाची जागा

ट्रेलरच्या ड्रॉबारवर, म्हणजे मोटारीला जोडल्या जाणाऱ्या पुढच्या दांड्यावर, बोटभर लांबीची एक धातूची पट्टी असते. तिच्यावर बनवणाऱ्याचं नाव, चासी नंबर आणि वजनाची मर्यादा कोरलेली असते. मेलबर्नमधल्या माझ्या गॅरेजमध्ये कुणी छोटा ट्रेलर घेऊन आलं, की मी आधी त्या पट्टीवरची धूळ पुसतो. येणारे बहुतेक आपलेच लोक असतात. शाळांना सुट्ट्या लागल्या की मुलाबाळांसह फ्लिंडर्स रेंजेसकडे किंवा मंगोच्या वाळवंटी तळ्याकडे निघायचं, तंबू ठोकायचा, रात्री आकाश बघायचं, हा इथल्या मराठी कुटुंबांनी मनापासून आपलासा केलेला छंद आहे. हातात यादी असते: वर तंबू, पुढे पेटी, मागे सायकली, पाण्याची टाकी, फ्रीज. "काका, एवढं सगळं बसवून द्या." मला ती यादी आणि ती पट्टी एकमेकांशी जुळवायची असतात.

इथला सर्वात साधा ट्रेलर म्हणजे सहा फूट बाय चार फुटांचा उघडा डबा. त्याची एकूण मर्यादा, म्हणजे एटीएम, बहुधा ७५० किलो असते. रिकाम्या डब्याचं वजन २५० किलो धरलं, तर ५०० किलो सामानाला उरतात. आकडा भरघोस वाटतो. आता बांधणी सुरू करू. वरचा सांगाडा ४५ किलो, त्यावर उघडणारा तंबू ६०, ड्रॉबारवरची पेटी ४०, मागचं बाहेर सरकणारं स्वयंपाकघर ५०, जादा चाक २०, रिकामा फ्रीज २०, बॅटरी आणि तिचं वायरिंग १५. झाले २५० किलो. अजून घोटभर पाणी, मूठभर तांदूळ आत गेलेले नाहीत. पाणी लिटरला किलोच्या हिशेबाने भरतं, म्हणजे ८० लिटरची टाकी ८० किलो. डिझेलचे वीस लिटरचे दोन कॅन डब्यांसकट ४० च्या आसपास. उरलेल्या १३० किलोंत चार माणसांचं जेवण, कपडे, अंथरुणं, खुर्च्या, गॅस आणि हत्यारं. ट्रेलरवर चढवलेली प्रत्येक सोय आधी स्वतःचं वजन वसूल करते. म्हणून कुठलाही पत्रा कापण्याआधी मी ही बेरीज गिऱ्हाइकाच्या समोर बसून करतो. ती झाल्यावर यादीतल्या दोन-तीन गोष्टी माणूस स्वतःच खोडतो.

बेरीज जमली म्हणजे काम झालं असं नाही. तेच ७०० किलो एका मांडणीत शहाण्यासारखे मागे येतात आणि दुसऱ्या मांडणीत गाडीला रस्त्यावरून फेकून देतात. मी सांगली जिल्ह्यातला, उसाच्या गाड्या भरताना बघत वाढलो. मोळ्या मागे जास्त पडल्या की गाडी उलाळ व्हायची, जू वर उचललं जायचं आणि बैलांच्या गळ्याला फास बसायचा. पुढे जास्त पडल्या की धुरजड, मग सगळा भार मानेवर. भरणारा जाणता माणूस धुरा हाताने उचलून बघायचा आणि एखादी मोळी मागे-पुढे करायला सांगायचा. मोटारीमागच्या ट्रेलरलाही हाच नियम लागू आहे. फरक इतकाच, की इथे वेग ताशी ९०-१०० किलोमीटर असतो आणि चूक सुधारायला क्षण दोन क्षणच मिळतात.

ट्रेलर ज्यावर अडकवतात त्या मोटारीमागच्या बॉलवर एकूण वजनाच्या साधारण १० टक्के भार यावा, असा इथला सर्वमान्य अंदाज आहे. ७०० किलोंच्या ट्रेलरला ७० किलो. तो मोजायला महागडं यंत्र लागत नाही. सार्वजनिक वजनकाट्यावर आधी ट्रेलर मोटारीपासून सोडवून उभा करायचा. समजा ७०० आले. मग तो मोटारीला जोडून फक्त ट्रेलरची चाकं काट्यावर घ्यायची. ६३० आले, तर उरलेले ७० बॉलवर आहेत. शक्य असेल तिथे एक चाक काट्यावर आणि एक बाहेर ठेवून डावी-उजवी बाजूही बघावी. एका बाजूला बॅटरी, फ्रीज आणि गॅस गोळा झाला असेल, तर त्या बाजूचे स्प्रिंगचे पाटे आणि टायर सगळा प्रवासभर जास्त सोसत राहतात. मारी गावाहून ऊडनाडाटाच्या वाटेने एके काळी उंटांचे तांडे माल नेत. अफगाणिस्तान, बलुचिस्तान, सिंध, पंजाब अशा मुलखांतून आलेले ते उंटवाले दोन्ही कुशींना सारखं ओझं बांधल्याशिवाय उंट उठवत नसत. त्याच वाटेवर आज आपण ट्रेलर ओढतो, तेव्हा तेवढी काळजी आपणही घ्यायला हवी.

सर्वात जास्त वाद सायकलींवरून होतो. मागच्या फळीवर सायकली अडकवणं सोपं, म्हणून सगळ्यांना तेच हवं असतं. दोन सायकली आणि त्यांचा स्टँड मिळून ३० किलो धरा. ते आसाच्या १.२ मीटर मागे आहेत आणि बॉल आसाच्या २ मीटर पुढे. तरफेच्या हिशेबाने बॉलवरचे १८ किलो एका फटक्यात उडाले. यावर लोक उपाय सुचवतात, की पुढच्या पेटीत तेवढंच जड काहीतरी टाकू. तसं केलं तर काट्यावरचा आकडा सुधारतो, पण ट्रेलरचा स्वभाव बिघडतो. दोन्ही टोकांना वजन असलेली वस्तू एकदा झुलायला लागली की लवकर थांबत नाही. आसापासून अर्ध्या मीटरवरचं वजन एका मीटरवर नेलं, तर त्याचा हा परिणाम दुप्पट नाही, चौपट होतो, कारण इथे अंतराचा वर्ग मोजला जातो. म्हणून जड ते आसाजवळ आणि खाली, हलकं ते टोकांना आणि वर. सायकली मी मोटारीच्या टपावर किंवा ट्रेलरच्या मधोमध घ्यायला सांगतो. वरच्या तंबूसाठी सांगाडा करताना त्याची उंची जेवढी खाली ठेवता येईल तेवढी ठेवतो. उंचावरचे ६० किलो वळणावर आपलं अस्तित्व जाणवून देतात.

पाण्याच्या टाकीचा विचार मला विशेष आवडतो, कारण प्रवासात वजन बदलत जाणारी ती मोठी वस्तू आहे. ती पुढे बसवली, तर भरलेली असताना बॉल दबतो आणि रिकामी होत गेली की तो हलका पडतो. मागे बसवली, तर भरल्याक्षणी ट्रेलर उलाळ. आसाच्या वर किंवा किंचित पुढे, चासीच्या लगत खाली बसवली, तर भरलेली असो की रिकामी, तोल फारसा ढळत नाही. आत आडव्या पडद्या हव्यात, नाहीतर अर्धवट भरलेल्या टाकीतलं पाणी ब्रेक दाबताच पुढे धावतं. चांगल्या बांधणीची खूण मी यातच बघतो. ती निघण्याच्या सकाळी बरोबर असते आणि परतीच्या वाटेवर सगळं संपत आल्यावरही बरोबर राहते.

आता लोखंडाकडे येऊ. कच्च्या रस्त्यांवर इथे लाटालाटांची नक्षी पडलेली असते. त्यावरून तासन् तास जाताना ड्रॉबार अखंड वर-खाली वाकत राहतो. सर्वात जास्त ताण येतो तो ड्रॉबार डब्याच्या पुढच्या कडेखाली शिरतो तिथे, आणि तडा बहुधा तिथल्याच वेल्डिंगच्या कडेला जातो. पुढची पेटी बसवताना त्या जागी आडवं वेल्डिंग मारणं म्हणजे तड्याला वाट आखून देणं. मी पेटीसाठी वेगळे कंस करतो आणि ते पकडपट्ट्यांनी ड्रॉबारला आवळतो. भोक पाडणं टळतच नसेल, तर ते उभ्या बाजूच्या मध्यावर, वरच्या-खालच्या पृष्ठावर कधीच नाही. जोडपट्टी लावायची तर तिची टोकं निमुळती, म्हणजे ताण एकदम न अडता हळूहळू उतरतो. गॅल्वनाइज्ड ट्रेलर असेल, तर वेल्डिंगआधी जस्ताचा थर ग्राइंडरने पूर्ण काढायचा. त्याचा धूर छातीला घातक आहे आणि टाकाही कच्चा राहतो.

ड्रॉबार नव्यानेच करायचा असेल, तर मजबुती उंचीत शोधावी. ५० बाय ५० मिलिमीटरच्या, ३ मिलिमीटर जाडीच्या नळीऐवजी त्याच जाडीची ७५ बाय ५० ची नळी उभी वापरली, तर वजन मीटरमागे जेमतेम सव्वा किलोने वाढतं आणि वाकण्याला होणारा विरोध अडीचपटीहून जास्त होतो. जाड लोखंडाचा सोस धरणाऱ्यांना मी हा हिशेब करून दाखवतो. योग्य ठिकाणी दिलेलं थोडं लोखंड भारंभार लोखंडापेक्षा जास्त काम करतं आणि सामानासाठी किलो वाचवतं.

काहीजण म्हणतात, मोठा आस टाकू, जाड पाटे टाकू, मर्यादा आपोआप वाढेल. तशी ती वाढत नाही. आस, पाटे, बेअरिंग, टायर, चासी, कपलिंग, साखळ्या आणि मोटारीची स्वतःची ओढण्याची क्षमता ही एकच साखळी आहे. तिच्यातली सर्वात कमजोर कडी मर्यादा ठरवते. अधिकृत आकडा बदलायचा, तर मान्यताप्राप्त इंजिनिअरने तपासून कागद द्यायला हवा. ब्रेकचंही तसंच. ऑस्ट्रेलियात चाकांवरचा भार ७५० किलोपर्यंत असेल, तर ट्रेलरला ब्रेक सक्तीचे नाहीत. त्यापुढे दोन्ही चाकांना हवेतच. कायदा मागत नसला, तरी डोंगरात जाणाऱ्या प्रत्येक भरलेल्या ट्रेलरला ब्रेक लावा, असा माझा आग्रह असतो. उतारावर ७०० किलो मागून ढकलतात, तेव्हा कायद्याची सूट मदतीला येत नाही.

शेवटचं काम बांधण्याचं. इथल्या सामान-बांधणीच्या मार्गदर्शिकेचा नियम मी भिंतीवर लिहून ठेवला आहे: पुढच्या दिशेला वजनाच्या ८० टक्के, दोन्ही बाजूंना आणि मागे ५० टक्के, वर २० टक्के इतका जोर बांधणीने पेलला पाहिजे. भरलेला ४० किलोचा फ्रीज म्हणजे पुढच्या दिशेला ३२ किलोंचा धक्का. लवचीक दोऱ्यांच्या भरवशावर तो सोडायचा नाही. चासीला पक्के धरलेले हुक आणि रॅचेटचे पट्टेच हवेत.

अनेकांना वाटतं, की ट्रेलर सुधारणं म्हणजे त्यात जास्त कोंबण्याची सोय करणं. माझ्या मते प्रत्येक किलोला त्याची जागा देणं आणि जागा नसेल त्या किलोला प्रेमाने नकार देणं, हेच या कामाचं सार. हा नकार मी फक्त आत बसलेल्या कुटुंबासाठी देत नाही. दुपदरी रस्त्यावर समोरून येणाऱ्या माणसाला आपण मागे काय आणि कसं बांधलं आहे हे दिसत नाही. तो आपल्याला ओळखत नाही, तरी आपण आपल्या बाजूला राहू एवढं गृहीत धरून तो शेजारून जातो. त्याचा हा विश्वास सांभाळणं माझ्या हातात आहे, म्हणून निघण्याआधी सगळं सामान भरून, पाणी भरून एकदा काट्यावर जाऊन या, असं मी प्रत्येकाला सांगतो आणि तिथला कागद बघितल्याशिवाय माझं काम पूर्ण झालं असं मानत नाही.